नटावरची पोपटी रेघ

ज्या इमारतीत त्याने आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिच्या तळमजल्यावर त्याचा फोटो लावलेला होता. लिफ्टच्या बंद दाराशेजारी, टपालपेट्यांच्या वर, चारही कोपरे चिकटपट्टीने नीट दाबून. फोटो परवान्यावरचा होता. मोठा करून छापल्यामुळे चेहरा जरा सुजल्यासारखा दिसत होता. खाली जाड पेनने लिहिलं होतं: 'या माणसाला आत घेऊ नये.'

आदल्या दिवशी त्याला परवाना कार्यालयाचं पत्र आलं होतं. या अकरा मजली इमारतीतली लिफ्ट तपासून ती सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट त्याने दिलं, आणि पुढच्या नऊ दिवसांत त्याच लिफ्टमधून बाहेर पडताना सातव्या मजल्यावरच्या एक वृद्ध बाई पडल्या. केबिन मजल्याच्या वीतभर खाली थांबली होती. दार उघडलं, बाईंनी सवयीने पाय पुढे टाकला आणि खुब्याचं हाड मोडलं. परवाना तूर्त निलंबित, बारा दिवसांनी सुनावणी, असं पत्रात होतं. पत्ता चुकला असेल, समोरासमोर बोलून मिटवू, असं मनाशी धरून तो पत्र घडी घालून खिशात ठेवून निघाला होता.

सेक्रेटरीने त्याला फोटोवरून ओळखलं. पडलेल्या बाई सेक्रेटरीची आई होत्या, हे त्याला तिथेच कळलं.

भोवती पाच-सहा रहिवासी जमले. मी इथे कधी आलेलोच नाही, असं तो दोनदा म्हणाला. तेव्हा सेक्रेटरीने फोन त्याच्या नाकासमोर धरला. सर्टिफिकेटवर त्याचा फोटो होता, त्याचा परवाना क्रमांक होता आणि त्याची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी तो जशी खाली ओढून मागे वळवतो, तशीच वळवलेली. सहीकडे तो बराच वेळ बघत राहिला. सही त्याचीच होती.

"मी स्वतः याला वर नेलं होतं," सेक्रेटरी जमलेल्यांना म्हणाला. "अर्धा तास होता मशीनच्या खोलीत. आणि आता म्हणतोय, आलोच नव्हतो."

मला ती खोली दाखवा, एवढंच तो म्हणाला. त्यावर कुणीतरी त्याची पिशवी ओढली. आतला बारा इंची पाना फरशीवर पडला आणि त्या आवाजाने वरच्या मजल्यांवरून लोक डोकावले. त्याला दारापर्यंत ढकलत नेलं. पाना त्याने वाकून उचलला तेव्हा एकाने विचारलं, आता याने मारणार का आम्हाला.

त्या पान्यावरूनच त्याला नाव पडलं आहे. लिफ्टच्या धंद्यातले लोक त्याला पाना म्हणतात. एकतीस वर्षं तो एकच पाना वापरतो आणि तो कुणाला उसना देत नाही. पाना तोंडाचा फटकळ आहे. मुलं लिफ्टमध्ये उड्या मारतात म्हणून तो आईबापांना त्यांच्याच दारात जाऊन सुनावतो. लिफ्टमधून वाळूची पोती नेणाऱ्या गवंड्याला त्याने एकदा पोत्यासकट चौथ्या मजल्यावर उतरवून दिलं होतं आणि उरलेले मजले जिन्याने जायला लावलं होतं. बावीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे आहेत. त्यातल्या एकाही इमारतीत त्याला कुणी चहा विचारत नाही. पण त्याला कुणी बदलतही नाही, कारण त्याच्या लिफ्ट बंद पडत नाहीत.

त्याची एक पद्धत आहे. नट आवळून झाला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत तो रंगाची एक सलग बारीक रेघ ओढतो. महिन्याने पुन्हा वर चढल्यावर रेघ जुळत असेल तर नट जागेवर आहे. रेघ तुटली असेल तर नट फिरला आहे. हे त्याला उस्तादाने शिकवलं. उस्ताद लाल रंग वापरायचा. पाना नेलपॉलिश वापरतो, कारण तिची बाटली खिशात मावते आणि ब्रश झाकणालाच असतो. रंग बायकोने निवडून दिला होता, पोपटी. "जगात कुणी बाई बोटाला लावणार नाही असा रंग दिलाय," ती म्हणाली होती, "म्हणजे माझ्यावर कुणी संशय घेणार नाही."

तर असा हा नट-बोल्टाच्या बाबतीत संशयी माणूस, फोनच्या बाबतीत मात्र अगदी मोकळा होता. त्याला कारणही होतं. तीनेक वर्षांपूर्वी इमारतींनी आपापले ग्रुप काढले आणि लोक पुरावा मागायला लागले. काम केलं म्हणता, पण दिसलं कुठे? मग पाना दर महिन्याला काम झालं की केबिनमधल्या कार्डावर सही-शिक्का करायचा, कार्डाशेजारी स्वतःचा परवाना धरायचा आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. बावीस ग्रुप, प्रत्येकात शे-दीडशे माणसं. वर चढून रेघा बघायला मात्र तीन वर्षांत एकही माणूस आला नव्हता.

त्यात गेल्या वर्षी कुशल कामगारांची नोंदणी करणारी एक वेबसाइट त्याला सापडली. नावापुढे निळी खूण मिळते, असं तिथे लिहिलं होतं. पान्याला ती खूण हवी होती. परवान्याच्या दोन्ही बाजू, कोऱ्या कागदावर तीन सह्या आणि समोरून चेहरा, जे मागितलं ते त्याने दिलं. निळी खूण आली. सुनावणीच्या आधी त्याने ती वेबसाइट शोधली, तेव्हा ती उघडत नव्हती.

पण त्याचा खरा घोटाळा वेगळाच होता आणि तो त्याच्या धंद्यातल्या माणसाकडूनच व्हावा असा होता. परवान्याचा दहा आकडी क्रमांक पान्याला झोपेतून उठवलं तरी पाठ. एकतीस वर्षं तो प्रत्येक कागदावर तेच आकडे लिहीत आला आहे. परवाना कार्यालयाच्या संकेतस्थळावर लॉगिनचं नाव विचारलं, तिथे त्याने तो क्रमांक घातला होता. पासवर्ड विचारला, तिथेही तोच. ईमेलचा पासवर्डही तोच. आणि तोच क्रमांक तो दर महिन्याला बावीस ग्रुपवर ठळक फोटोत पाठवत होता.

हे सगळं सायबर शाखेतल्या कारकुनाने त्याला दहा मिनिटांत समजावलं, तेही जेवणाच्या डब्यावरून मान न उचलता. तक्रारीचा क्रमांक दिला. पासवर्ड बदला, पण आधी सगळ्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, काहीही पुसू नका, असं सांगितलं. चोर सापडेल का, या प्रश्नावर तो म्हणाला की पुढे चारशे तक्रारी आहेत.

रविवारी दुपारी पाना आणि त्याची बायको जेवणाच्या टेबलावर बसले. ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आहे. रुग्णांच्या फायली जपणं हे तिचं काम. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तो कुणासाठी, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिला, हे तिथे आडवं लिहितात. परवाना असा उघडा नाचवू नका, हे तिने त्याला पूर्वी सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, लिफ्ट चालवायला फायली लागत नाहीत. आज तिने ते वाक्य त्याला ऐकवलं, दोनदा ऐकवलं, आणि मग फोन हातात घेतला.

ईमेलमध्ये चार हजारांच्या वर न उघडलेली पत्रं होती. परवाना कार्यालयाचं मात्र एकही नव्हतं. बायको सेटिंगमध्ये शिरली. तिथे कुणीतरी एक नियम घालून ठेवला होता: कार्यालयाकडून येणारं प्रत्येक पत्र परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जाईल आणि इथून पुसलं जाईल. पाना स्वतः वर्षातून एकाच महिन्यात सगळ्या इमारतींची सर्टिफिकेटं काढतो, उरलेलं वर्ष ते संकेतस्थळ उघडतही नाही. त्यामुळे त्याला पत्ता लागला नव्हता. लॉगिन कुठून कुठून झालंय, ती यादी तिने उघडली. एक पान्याचा फोन. दुसरा अनोळखी फोन, तीन मिनिटांपूर्वी वापरलेला.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या घरात कुणीतरी राहतंय. आणि तुमचं टपाल तोच फोडतोय."

तिने आधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढला. मग तो नियम काढून टाकला, अनोळखी फोन बाहेर काढला आणि नवा पासवर्ड घातला. पासवर्ड लांब होता, चार शब्दांचा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेला, आणि कार्यालयाच्या संकेतस्थळासाठी तिने वेगळे चार शब्द घेतले. तिथे त्याच्या नावावर दोन महिन्यांत चौदा सर्टिफिकेटं निघालेली दिसत होती. नुसत्या पासवर्डवर दार उघडू नये म्हणून प्रत्येक वेळी पान्याच्या फोनवर सहा आकडी कोड येईल, अशी सोय केली. ती झाल्यावर पाचव्या मिनिटाला पहिला कोड आला. त्यांनी मागवलेला नव्हता. मग दुसरा, तिसरा. बाहेर काढलेला माणूस दार ठोठावत होता.

चौथ्या कोडनंतर फोन वाजला. तरुण, मऊ, आर्जवी आवाज.

"काका, परवाना कार्यालयातून बोलतोय. तुमचं निलंबन उठवायचंय. आता एक सहा आकडी नंबर आला असेल, तेवढा सांगता का?"

बायकोने वही ओढून समोर आलेला नंबर आणि वेळ लिहून घेतली. पान्याने स्पीकर लावला.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी तू एक सांग. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचंय. उतरण्याआधी पहिलं काय करतोस?"

मग तोच मऊ आवाज. "काका, मी ऑफिसात असतो. ते तांत्रिक काम माझं नाही."

"माहितीये. चौदा इमारतींना सर्टिफिकेट दिलीस आणि खड्ड्यातला स्विच आधी बंद करायचा असतो, एवढंही तुला ठाऊक नाही. एका म्हातारीचा खुबा मोडलाय तुझ्या सहीने."

"माझ्या नाही," आवाज म्हणाला. त्यातला मऊपणा आता गेला होता. "सही तुमची आहे, काका."

आणि फोन बंद झाला. पान्याने परत लावला तर लागेना. बायकोने वहीतल्या नंबराखाली रेघ मारली आणि म्हणाली की शिवी द्यायची तर वेळेत द्यायला हवी होती.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई आवाज न चढवणाऱ्या होत्या. त्यांच्यासमोर दोन कागद होते. एकात पान्याच्या लॉगिनवरून दोन महिन्यांत निघालेल्या चौदा सर्टिफिकेटांची यादी. दुसरा सेक्रेटरीचा लेखी जबाब: सदर इसम आला, मी स्वतः त्याला मशीनच्या खोलीत नेलं, त्याने अर्धा तास काम केलं. सेक्रेटरी पाठ ताठ ठेवून बाजूला बसला होता.

पान्याने स्क्रीनचे फोटो आणि तक्रारीचा क्रमांक पुढे ठेवला. बाईंनी ते पाहिले. माझं खातं चोरीला गेलं, असं सांगणारे इथे दर आठवड्याला येतात, त्या म्हणाल्या, आणि बहुतेक जण अपघात झाल्यावरच येतात. सर्टिफिकेटच्या तारखेला तुम्ही कुठे होतात? पान्याने डायरी उघडली. त्या दिवशीच्या पानावर दोनच शब्द होते: 'घरी. पाठ.' पाठ धरली म्हणून तो दिवसभर पडून होता. साक्षीला बायको, आणि तीही त्या वेळी कामावर.

मग त्याने खिशातून पोपटी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि रेघांबद्दल सांगितलं. मी त्या खोलीत गेलो असतो तर नटांवर रेघा असत्या. माझ्या बावीसही इमारतींत आहेत, कुठेही चला.

सेक्रेटरी हसला. "आईच्या पायात सळई घातली आहे, आणि याचा पुरावा काय, तर नेलपॉलिश."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटली उचलून पाहिली आणि परत ठेवली. "रेघा नसतील तर तुम्ही काम केलं नाही, एवढंच सिद्ध होईल," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर आरोप तोच आहे."

पान्याला हे सुचलंच नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या रेघेत खोट काढली होती आणि ती बरोबर होती. त्याने बाटली उचलून खिशात ठेवली. तरीही खोली उघडा, तो शेवटी म्हणाला. सेक्रेटरीने लगेच हरकत घेतली. रहिवासी चिडलेले आहेत, हा माणूस तिथे नको, आणि खोलीत बघण्यासारखं आहे तरी काय. त्याच्या या घाईकडे बाईंनी मान वळवून पाहिलं. अपघातग्रस्त लिफ्टची तपासणी कार्यालयाला तशीही करायचीच आहे, त्या म्हणाल्या, ती उद्याच करू.

दुसऱ्या दिवशी अकराला ते तिघं अकरा मजले चढले. लिफ्ट बंद होती. जिन्यावर दारं किलकिली होत होती आणि पान्याच्या पाठीमागे शब्द येत होते. सातव्या मजल्यावर एकाने सरळ विचारलं की हा अजून मोकळा कसा. पाना कठड्याला धरून चढत राहिला. त्याची पाठ दुखत होती.

गच्चीवरची शिडी चढून गेलं की छोट्या सज्जावर मशीनच्या खोलीचं लोखंडी दार होतं आणि त्याला कुलूप. सेक्रेटरीने किल्ल्यांचा जुडगा काढला. पहिली किल्ली लागली नाही, दुसरी नाही, पाचवी नाही. किल्ली वॉचमनकडे असेल, असं म्हणून तो खाली फोन करू लागला. पान्याने कुलूप हातात धरलं आणि सोडलं. बोटांना तांबडी पूड लागली. कुलपाची कडी आतपर्यंत गंजून एकजीव झाली होती. दार आणि चौकट यांच्या फटीत चिखलमाशीने घर बांधलं होतं, सुकून दगडासारखं झालेलं. ते न फोडता दार उघडणं शक्य नव्हतं.

बाईंनी चष्मा वर करून ते घर जवळून पाहिलं. फोटो काढला. मग सेक्रेटरीला विचारलं, "तुम्ही यांना आत नेलं, अर्धा तास. या दारातूनच?"

सेक्रेटरी पुन्हा जुडग्यातल्या किल्ल्या चाळू लागला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी जबाबाचा कागद काढला, त्याच्यासमोर धरला आणि वाट पाहिली.

अखेर त्याने सांगितलं. सर्टिफिकेटची मुदत संपत आली होती. लिफ्ट तपासायची म्हणजे ती दिवसभर बंद ठेवायची, रहिवाशांची बोलणी खायची. फोनवर एक जाहिरात दिसली: लिफ्टचं सर्टिफिकेट घरबसल्या, दोन तासांत. त्याने इमारतीचा पत्ता पाठवला, पैसे भरले, सर्टिफिकेट आलं. कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते खरं दाखवत होतं, मग आणखी काय बघायचं? आणि आई पडल्यावर, कुणीच तपासायला आलं नव्हतं, हे तो घरी सांगू शकला नाही. म्हणून माणूस आला होता, असं सांगितलं. एकदा घरी सांगितल्यावर तेच जबाबातही लिहावं लागलं.

फोन दाखवा, बाई म्हणाल्या. त्यातलं बोलणं अजून तसंच होतं. वरच्या नंबराशी पान्याने बायकोची वही उघडून धरली. रविवारी दुपारचा तोच नंबर.

कुलूप तोडलं. आत मशीनवर बोटभर धूळ होती. ब्रेकच्या स्प्रिंगचा नट तीन आटे मागे आला होता. ब्रेक पकड सोडत होता, म्हणून केबिन मजला सोडून खाली घसरत होती. कुठल्याच नटावर कसलीच रेघ नव्हती.

परवाना सव्वा महिन्याने परत मिळाला. आदेशाच्या शेवटी एक ओळ होती: आपल्या खात्याची सुरक्षितता राखणं ही परवानाधारकाची जबाबदारी असून त्यात कसूर झाली आहे. पान्याने ती ओळ बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, फ्रेम करून लावू. चोर सापडलेला नाही. तो नंबर कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघाला आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता.

बाकीची तेरा सर्टिफिकेटं रद्द झाली. त्या तेरा इमारतींची तपासणी कार्यालयाने पान्याकडे दिली. त्यातल्या चार ठिकाणी त्याला ऐकावं लागलं की मागच्या वेळी हे सगळं दोन तासांत झालं होतं, तुम्ही उगाच दिवस घालवता. दोन ठिकाणी ब्रेक सैल होते.

अकरा मजली इमारतीची लिफ्ट मात्र बंदच राहिली. चौकशीत अडकलेल्या लिफ्टला हात लावायला दुसरे मेकॅनिक तयार नव्हते. सेक्रेटरीच्या आईला घरी आणायचं होतं आणि घर सातव्या मजल्यावर. सेक्रेटरीने पान्याला तीनदा फोन केला. पान्याने तिसऱ्यांदा उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: माझा फोटो अजून खाली लावलेला आहे का. सेक्रेटरी म्हणाला, काढतो. मी आल्यावर माझ्यासमोर काढा, पाना म्हणाला.

काम दीड दिवस चाललं. बारा नट आवळून त्याने बारा रेघा ओढल्या. शेवटी केबिनमधल्या कार्डावर त्याने सही केली, शिक्का मारला. कार्यालयाला द्यायच्या परवान्याच्या प्रतीवर त्याने आडवं लिहिलं: फक्त या लिफ्टच्या कामासाठी, आणि तारीख. सेक्रेटरीने सवयीने फोन काढला आणि कार्डासमोर धरला. ग्रुपवर टाकतो, तो म्हणाला, लोकांना दिसायला हवं.

पान्याने कार्डावर पंजा ठेवला.

"फोटो नाही. बघायचंय तर वर चला."

सेक्रेटरी म्हणाला की त्याला त्यातलं काही कळत नाही.

"कळायचं काय त्यात? रेघ सरळ आहे का, एवढंच बघायचं. दर महिन्याला. तुम्ही स्वतः."

लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते. तिथून पुढे जिना, मग गच्ची, मग मशीनच्या खोलीची शिडी. पाना शिडी धरून खाली उभा राहिला. सेक्रेटरी एकेक पायरी चाचपत वर चढला, आत वाकला आणि फोनचा दिवा लावून ब्रेकपाशी नेला.

"पोपटी आहे," वरून आवाज आला.

"तुटली आहे का?"

"नाही."

"बाकीच्या अकरा रेघा बघा," पाना म्हणाला. "मी आहे इथे."